जेवणाशिवाय तिकीट

“जेवणाशिवाय तिकीट मिळेल का?” अण्णांनी विचारलं.

सहल कंपनीच्या ऑफिसात टेबलापलीकडे बसलेल्या शलाका नावाच्या मुलीनं भूमध्य समुद्राचा नकाशा अर्धा उलगडला होता. तो तसाच हातात राहिला.

“सर, जैन जेवण मिळतं. आधी कळवलं तर उपवासाचंही बघता येतं.”

“जैन नको, उपवासाचंही नको. जेवणच नको.”

“म्हणजे... अख्ख्या ट्रिपमध्ये?”

“जहाजावर असेपर्यंत. खाली उतरल्यावर माझं मी बघेन.”

“तब्येतीचं काही आहे का, सर?”

“तब्येत ठणठणीत आहे. मी मुलीचा बाप आहे.”

शलाकानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागच्या भिंतीवरचं सँटोरिनीचं पोस्टर पाहू लागलो. पांढरी घरं, निळे घुमट, आणि मुलीच्या बापांचा पत्ता नाही. माझी बायको ऋजुता पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिला काहीच सापडायचं नव्हतं.

“क्रूझमध्ये सगळं धरूनच असतं, सर,” शलाका म्हणाली. “जेवण वेगळं काढता येत नाही. तुम्ही खाल्लं नाही तर कुणी विचारणार नाही, पण तिकीट तेच.”

“बरोबर लाडू नेले तर?”

“घरचं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत.”

“कोरडे लाडू?”

“कोरडेही नाहीत, सर.”

अण्णांनी मान डोलावली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला नियम म्हटल्यावर एक समाधान वाटतं. मग तो आपल्या गळ्याशी आलेला का असेना.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो. दिनकर खांबेटे, म्हणजे अण्णा, माझे सासरे. पाटबंधारे खात्यात कालव्यांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. तसे ते जुन्या वळणाचे अजिबात नव्हते. आमच्या लग्नात पत्रिका पाहिली नाही, मुहूर्त सोयीनं काढला, आहेर घेतले नाहीत. देवळात गेलेच तर दगडी बांधकाम बघायला. पण एक नियम त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतला होता आणि तो काही सुटत नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही.

या नियमाची पोटकलमं त्यांनीच तयार केली होती. पाणी चालायचं, कारण पाणी महापालिकेचं. फळ चालायचं, कारण फळ झाडाचं. चहा हे अन्न नव्हे, असा निकाल त्यांनी पहिल्याच भेटीत दिला. बिस्किटाचं प्रकरण मात्र बरेच दिवस चाललं आणि शेवटी बिस्किटाच्या विरोधात गेलं. सासूबाईंनी हा नियम केव्हाच टाकून दिला होता. “मला शुगर आहे, मला सगळं माफ,” असं म्हणून त्या आमच्याकडे निवांत पोहे खात आणि अण्णा शेजारी बसून चहा पीत.

नाशकातच त्यांचं घर होतं, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दर रविवारी सकाळी दोघं यायची. पेपर, चहा, गप्पा, आणि कुकरची दुसरी शिट्टी झाली की अण्णा चपला शोधायला लागायचे. सुरुवातीला आम्ही सगळेच हसायचो. “नातवंड येऊ दे,” अण्णा म्हणायचे, “पहिल्या दिवशी तीनदा जेवतो की नाही बघा, श्रीरंगराव.” दशमग्रह म्हणून जावयाची थट्टा करायची रीत आहे. आमच्याकडे सासराच ग्रहासारखा ताटाभोवती फिरायचा आणि टेकायचा नाही.

वर्षं गेली तसं हसणं कमी झालं. मूल होत नव्हतं. तपासण्या झाल्या, उपचार झाले, डॉक्टर बदलले, दुसऱ्या गावी दाखवून पाहिलं. त्याची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगून कळायची नाही. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आता थांबा, शरीराला सोडा. आम्ही थांबलो. आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलं. पण ऋजुताला अण्णांना सांगवेना. ती दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारी. बापासमोर मात्र तिची दातखीळ बसायची. दर रविवारी शिट्टी व्हायची, अण्णा चपला शोधायचे आणि ती ओट्यापाशी पाठ करून उभी राहायची.

त्यातच अण्णांची सत्तरी आली आणि ऋजुतानं क्रूझ काढली. इटली आणि ग्रीस, बंदरं घेत घेत. खर्च ती करणार. अण्णांनी “माझं मी भरतो” म्हटल्यावर तिनं “मग मी येत नाही” म्हटलं आणि तो विषय तिथंच मिटला. तिकीट घ्यायला अण्णांची हरकत नव्हती. ते वाहनात मोडत होतं. आमच्या गाडीत ते बसतच असत.

“जहाजावर सांगते,” ती मला म्हणाली. “मधोमध समुद्रात असताना. तिथून त्यांना चपला घालून निघता येणार नाही.”

बेत चांगला होता. जहाजावर चोवीस तास जेवण असतं, एवढंच आम्ही विसरलो होतो.

पुढच्या रविवारी अण्णा स्वतःचा नकाशा घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो पसरला. त्या टेबलाचा त्यांना आजवर तेवढाच उपयोग.

“हे बघा, श्रीरंगराव. रोमच्या बंदरातून निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेपल्स. दिवसभर जहाज उभं. मी खाली उतरतो, नाश्ता करतो, जेवतो, संध्याकाळी पुन्हा थोडं खाऊन वर येतो. तिसऱ्या दिवशी मेसिना. तेच.”

“आणि आम्ही?” सासूबाईंनी पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं.

“तुम्ही जहाजावर जेवा. तुम्हाला कोण अडवतंय?”

“म्हणजे तिथं पाँपेई बघायचं, ते सोडून आम्ही तुम्हाला खानावळी शोधत फिरायचं?”

“पाँपेईत खानावळी होत्या,” अण्णा म्हणाले. “चांगल्या दगडी. मी वाचलंय.”

“त्या बंद पडून दोन हजार वर्षं झाली!”

भूमध्य समुद्राकडे आजवर कुणी व्यापारासाठी पाहिलं, कुणी लढाईसाठी, कुणी हवापालटासाठी. त्याच्याकडे जेवणाच्या सोयीच्या दृष्टीनं पाहणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. कुठल्या बंदरात गाव जवळ, कुठं चालावं लागतं, कुठं जहाज लवकर सुटतं म्हणून संध्याकाळचं खाणं दुपारीच उरकावं लागेल, सगळं त्यांनी काढलं होतं. माणूस कालव्याला पाणी सोडायच्या आवर्तनांचं वेळापत्रक आखत आला होता. आता तो स्वतःच्या पोटाला पाळी ठरवून देत होता.

मेसिनानंतर मात्र त्यांचं बोट थांबलं. मेसिना ते पिरियस. मधे नुसतं निळं.

“हा एक दिवस समुद्रात जातो,” ते म्हणाले. “आणि येताना आणखी एक.”

“एक दिवस चहावर काढाल?” मी विचारलं.

“चहा किती पिणार? आणि गोळ्या आहेत बीपीच्या. त्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत.”

“मग तेवढे दोन दिवस जेवा की, अण्णा,” ऋजुता ओट्याकडून म्हणाली. पाठ तशीच होती. “जहाज काय माझं घर आहे?”

“तू नेतेस म्हणजे तुझंच घर.” मग ते हसून म्हणाले, “तोपर्यंत एखादी बातमी आली तर प्रश्नच मिटला.”

सासूबाईंनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला काढला, मग पुन्हा खाल्ला.

पिरियस सोडायचं अण्णांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. पिरियस हे अथेन्सचं बंदर आणि अथेन्सपासून तासाभरावर कॉरिंथचा कालवा. त्या कालव्याविषयी बोलताना अण्णांचा आवाज मऊ व्हायचा. उभा खडक कापून दोन समुद्र जोडलेले. एकही दरवाजा नाही, पाणी दोन्हीकडे एका पातळीत. वर पूल, खाली ती सरळ निळी रेघ. तरुणपणी एका मासिकातला त्याचा फोटो त्यांनी ऑफिसात काचेखाली लावला होता. “आपण माती खणली, ह्यांनी डोंगर चिरला,” असं ते म्हणायचे. मोठी जहाजं त्यातून जात नाहीत, इतका तो अरुंद. म्हणून बसनं जायचं आणि पुलावरून बघायचं, हेही त्यांचं ठरलेलं होतं. सत्तरीनिमित्त काय बघायचं असं ऋजुतानं विचारलं, तेव्हा त्यांनी तेवढंच सांगितलं होतं. क्रूझ काढली ती त्या पुलासाठी.

त्यानंतरच्या रविवारी शलाकाचा निरोप आला, की त्या फेरीतल्या जागा भरत आल्या आहेत आणि आता नक्की करायला हवं. मी चहा ठेवला. अण्णा आले ते पावलं न वाजवता. नकाशा पसरला. त्यावर पेन्सिलीनं नवी वाट आखलेली होती.

“मी दुसरी फेरी शोधली,” ते म्हणाले. “बारीहून निघायचं. दुसऱ्या दिवशी कॉर्फू, मग झाकिन्थोस, मग काटाकोलो, तिथून सिसिली आणि परत. रोज सकाळी बंदर. एकही दिवस मधे समुद्रात जात नाही. त्या शलाकाला विचारून घेतलं, जागा आहेत.”

मी नकाशावर वाकलो. चांगली फेरी होती. दोन्ही देश होते, बेटं होती, ऑलिम्पिया होतं. रेघ ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याला लागून गेली होती आणि तशीच माघारी वळली होती.

“ह्यात पिरियस नाही,” ऋजुता म्हणाली. ती ओट्यापासून केव्हा आली ते मला कळलं नाही.

“नाही.”

“मग कालवा?”

“कालवे पुष्कळ पाहिले.”

“तो नाही पाहिला.”

“त्याचा फोटो पाहिलाय. सरळ आहे. सरळ कालव्यात बघण्यासारखं काय असतं? एका टोकाला उभं राहिलं की दुसरं दिसतं.” ते नकाशाची घडी घालू लागले. “ठरलं मग. श्रीरंगराव, फोन करून टाका.”

मी फोन उचलला नाही. ऋजुतानं नकाशावर हात ठेवला होता आणि अण्णांना घडी घालता येईना.

“कशासाठी सोडताय तो, अण्णा?”

“नियम आहे म्हणून.”

“कुणासाठी आहे नियम?”

“ऋजू, असू दे आता,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही, मला सांगू दे. तुम्ही ज्याच्यासाठी उपाशी राहताय ना, अण्णा, ते येणार नाहीये.” तिचा आवाज अगदी साधा होता, दाढ काढावी लागेल असं पेशंटला सांगतात तितका. “दिवाळीपासून आम्ही सगळं थांबवलंय. डॉक्टरांनीच थांबवलं. मला मूल होणार नाही. मी हे जहाजावर सांगणार होते, पण आता तुम्ही जहाजच बदलताय.”

इतके महिने जे टळावं म्हणून मी जीव मुठीत धरून होतो, ते माझ्याच टेबलावर, चहाचा कप निवायच्या आत झालं होतं. अण्णांनी मान वर केली नाही. मला वाटलं, आता चपला.

“मला माहीत आहे,” अण्णा म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“हेच.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासूनच.”

अण्णांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही ही गोष्ट फक्त माझ्या आईला सांगितली होती, कुणाला सांगायची नाही या अटीवर. आईनं ती आपल्या विहिणीला त्याच अटीवर सांगितली होती आणि विहिणीनं नवऱ्याला. एकाही बाईनं अट मोडली नव्हती. प्रत्येकीनं फक्त पुढच्याला घातली होती.

ऋजुता इतकी चिडलेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही.

“माहीत होतं? मग जेवत का नाही तुम्ही? इतके रविवार मी तिथं भांड्यांकडे तोंड करून उभी राहते, तुम्ही चपला घालून चालायला लागता. आणि वर ‘बातमी आली तर’? आम्ही इथं वेड्यासारखी बंदरं शोधतोय, तुम्ही कालवा सोडून देताय. कशासाठी? माहीत होतं तर एक दिवस गपचूप जेवायला बसायचं ना!”

अण्णांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

“बसलो असतो,” ते म्हणाले. “एखाद्या रविवारी, सहज म्हणून. तर तुला काय कळलं असतं?”

ऋजुताचा नकाशावरचा हात खाली आला.

“तुला कळलं असतं, अण्णांनी आशा सोडली. तू काही सांगितलं नव्हतंस. मला वाटलं, तुझी अजून थोडी शिल्लक असेल. म्हणून सांगत नसशील. डॉक्टर काय, म्हणतात काहीही. मग मी कसा बसणार जेवायला?” त्यांनी चष्मा शर्टाला पुसला. तो स्वच्छच होता. “आणि बातमीचं म्हणशील, तर न म्हणून कसं चालेल? दर वेळी म्हणतो ते एकदम बंद केलं असतं तर तुला तेही कळलं असतं. पंगतीत दुसऱ्याचं व्हायच्या आधी उठू नये, बाळ.”

ऋजुता खुर्चीवर बसली आणि रडली. दवाखान्यात रडली नव्हती ती, घरी येऊनही माझ्यासमोर नाही. आता मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडली आणि अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून नकाशाकडे बघत राहिले. मलाही आवरेना. हट्टी म्हणून मी या माणसाची कितीदा थट्टा केली होती, घरी आणि ऑफिसातही. मी उगाच गॅसपाशी जाऊन, बंद असलेला गॅस बंद केला.

बऱ्याच वेळानं सासूबाई म्हणाल्या, “अहो, मग आता काय करायचं?”

“जेवायचं,” अण्णा म्हणाले. “काय आहे?”

ऋजुतानं डोळे पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. नेमका त्या रविवारी कुकर लावलेला नव्हता. दुपारी बाहेरून मागवायचं ठरलं होतं. इतक्या वर्षांनी लेकीच्या घरी बाप जेवायला बसणार, तर घरात कालच्या उरलेल्या पोळ्या, थोडं दही आणि दोन कांदे.

“आज नको, अण्णा,” ती घाबरून म्हणाली. “असं कसं? पुढच्या रविवारी करते ना. पुरण घालते, अळूचं फदफदं करते, पंचामृत करते...”

“पुढच्या रविवारी पुन्हा येईन.”

“पण पहिलं जेवण...”

“भूक आजची आहे,” अण्णा म्हणाले.

मग तिनं फोडणीची पोळी केली. कांदा चिरून मीच दिला. सगळ्यांचे डोळे तसेही लाल होते. सासूबाईंनी नकाशा उचलून सोफ्यावर ठेवला आणि त्या टेबलावर पहिल्यांदा अण्णांसमोर ताटली आली. स्टीलचीच. अण्णांनी घास घेतला, चावला, गिळला. आम्ही तिघं परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे उभे होतो.

“तिखट कमी घालतेस,” ते म्हणाले.

“तुम्हाला चालत नाही ना? आई म्हणते.”

“ती तिच्या हातच्या तिखटाबद्दल म्हणते. अजून वाढ.”

मी शलाकाला फोन लावला. “पिरियसची फेरी,” मी म्हणालो. “आहे ना अजून?”

“आहे, सर. चार जागा. त्या सरांच्या जेवणाचं काय ठरलं?”

“ते जेवतील.”

“बरं झालं, सर,” ती म्हणाली. तिला काय बरं वाटलं कुणास ठाऊक, पण मनापासून म्हणाली.

पुढं आम्ही गेलो. समुद्रातल्या दोन्ही दिवशी अण्णा जहाजावरच्या एकूण एक खाण्याच्या ठिकाणी जाऊन आले आणि पुलावरून कालवा पाहून “सरळ आहे” एवढंच बोलले. ते सगळं आमच्या फोटोंत आहे. पण ती सहल मला तितकी आठवत नाही, जितका तो रविवार आठवतो.

अण्णांनी तीनदा मागून घेतलं. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि ऋजुताला म्हणाले, “तू पण बस.” तिनं ताटली घेतली. तिला जेवण जात नव्हतं. एक घास घ्यायची, थांबायची, पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे टिपायची, पुन्हा घास घ्यायची. अण्णांची ताटली कधीच रिकामी झाली होती. बोटांना लागलेलं दही वाळून पांढरं झालं तरी ते बसून होते.

“अहो, उठा की,” सासूबाई म्हणाल्या. “हात वाळला.”

“तिचं होऊ दे,” अण्णा म्हणाले.